तुटक्या भुवईची लक्ष्मी

अक्का,

तू गेल्याचं कळलं तेव्हा मी आधी रडले नाही. आधी घाबरले. डोळे मिटून तुला आठवायला गेले तर तुझा चेहराच येईना. कोपरापर्यंत सरसावलेल्या बांगड्या आल्या, टाचेच्या भेगा आल्या, "सुले, आगं किती भिशील, मरशील की एखाद्या दिवशी!" हा तुझा आवाज आला. चेहऱ्याच्या जागी मात्र ती दुसरीच येऊन उभी राहिली. गुलाबी गालांची, कमळावर उभी, हातातनं मोहरा सांडणारी. मी डोळे उघडले. स्टोव्हवर डाळ करपत होती.

ह्यांच्या कारखान्यात कोल्हापूरहून ट्रंककॉल आला होता, तो ह्यांनी घरी येऊन सांगितला. भिलाईहून निघायचं, नागपूरला गाडी बदलायची, मग कुठं कोल्हापूर. तू शेवटची बघायला मिळणार नाहीस हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी लुगडी पिशवीत कोंबत होते तेव्हा हे म्हणाले, "दाजी आणखी एक म्हणत होते. घरात तिचा एकबी फोटो न्हाई. तुझ्याकडं असला तर आण म्हणालेत. भिंतीला लावायला."

कॉटखालच्या ट्रंकेत तू होतीस. एक नाही, ट्रंकभर. आणि त्यातली एकही बाहेर काढायची माझी छाती नव्हती. मंगलचं लग्न नुकतंच ठरलेलं. तुझ्या लेकीच्या सासरच्यांनी भिंतीकडं बघितलं आणि विचारलं, ह्या बाईचं तोंड बाजारात कसं गेलं, तर? इतकी वर्षं जे झाकलं ते तुझ्या दिवसकार्याला माझ्याच हातानं उघडं पडायचं.

आता तू अडवणार नाहीस, म्हणून पहिल्यापासनं बोलते. मधे हसू नकोस.

शाहूपुरीत आप्पा गुळाच्या अडतीवर हमाली करायचे आणि तू तिथंच गुळाच्या ढेपांना गोणपाट शिवायचीस. दाभण निसटून तुझ्या डाव्या भुवईत घुसलं ते तिथंच. भुवई मधोमध तुटली, पुन्हा तिथं केस आला नाही. अडतीच्या पलीकडं थेटराची मोकळी जागा होती आणि तिथं परांचीवर चढून ज्ञानू पेंटर बोर्ड रंगवायचा. सगळ्या गावाला तो माहीत. थेटरावरचे घराएवढे नट आणि नट्या त्याच्या, भिंतींवरच्या विडीच्या आणि पंपाच्या जाहिराती त्याच्या, आणि दुकानादुकानांत लागणाऱ्या कॅलेंडरांवरचे देवही त्याचेच. त्याचं एक चित्र शिवकाशीच्या छापखान्यात जायचं आणि गठ्ठ्यांनी छापून परत यायचं. बोर्डावरची नटी सिनेमा बदलला की पांढऱ्या रंगाखाली गडप व्हायची. कॅलेंडरवरची मात्र वर्षभर राहायची.

जेवणाच्या सुट्टीत तू भाकरी हातात धरून परांचीखाली उभी राहायचीस. मी तुझा डबा घेऊन आलेली असायचे आणि तुझ्या पदराला धरून असायचे.

"ओ पेंटर, त्या बाईचा हात बघा की! फावडं झालंय फावडं!"

"मग तू ये वर. तू काढ."

"मजुरी काय देताय ते बोला आधी."

रस्ता हसायचा. मी तुझा पदर ओढायची. मला नेहमी वाटायचं, कुणीतरी बघतंय, कुणीतरी आप्पांना सांगणार. तुला कधीच तसं वाटलं नाही. एका आईच्या पोटची आपण दोघी, पण भीती सगळी माझ्या वाट्याला कशी आली, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या वर्षी आप्पा अडतीचं नवं कॅलेंडर घेऊन आले. त्यांनी ते उलगडलं. लक्ष्मी होती. हनुवटी तुझी, ओठ दाबून हसू अडवायची तऱ्हा तुझी, आणि डावी भुवई मधोमध तुटलेली. रंग तेवढा तुझा नव्हता. आई म्हणाली, "तोंडावर तेज किती हाय बघा." आप्पांनी सोप्यात खिळा ठोकला. त्या दोघांना काही दिसलं नाही. रोज शेणी थापताना बघतो ती पोरगी कमळावर उभी असेल, हे आईबापाच्या मनात यावं तरी कसं?

मी तुला घरामागच्या परड्यात गाठलं.

"अक्का, ती तू हाईस."

"कोण गं?"

"लक्षुमी. भुवई बघ तिची."

"त्यो छाप्यातला डाग हाय. शाई लागली न्हाय तिथं."

"तू बसलीवतीस का त्याच्याम्होरं?"

"मी कशाला बसतोय? मग गोणपाट कोण शिवणार, तुझा सासरा?"

आणि हसलीस. ते हसणं बघून माझी उरलीसुरली शंका गेली. त्या दिवसापासनं आपलं भांडण सुरू झालं ते आजपर्यंत मिटलेलं नाही. मी म्हणायची तूच ती, तू म्हणायचीस डाग.

भ्यायला कारण होतं, अक्का. आपल्याच गल्लीतल्या एका पोरीचं लग्न, ती एकटी फोटो स्टुडिओत गेली एवढ्यावरनं मोडलेलं आपण बघितलं होतं. इथं तर तुझं तोंड छापून विकलं होतं. चित्र एकच, खालचं नाव तेवढं वेगळं. तेलाच्या गिरणीत तू, कापडाच्या दुकानात तू, न्हाव्याच्या आरशावर तू. सोडावॉटरवाल्याच्या दुकानावरनं आपण गेलो की तिथला पोऱ्या ओरडायचा, "आली बघा लक्षुमी!" तो सगळ्याच बायांना तसं म्हणायचा हे मला आता कळतं. तेव्हा मी तुझ्या मागं लपायची.

शाळेत गेले तर गुरुजींच्या खुर्चीमागं तूच. खाली खताच्या दुकानाचं नाव. गुरुजी पाढे विचारायचे, मी वर बघायची आणि पाढा विसरायची. वाटायचं, आता ते मान वळवतील, एकदा तिच्याकडं बघतील, एकदा माझ्याकडं, आणि सगळ्या वर्गादेखत विचारतील. एक दिवस पोटात दुखतंय म्हणून घरी राहिले. मग राहिलेच. सहावी अर्ध्यावर सुटली. आई म्हणाली, हिच्या डोस्क्यातच न्हाई. तू मात्र शाळेत जाऊन गुरुजींशी भांडून आलीस, की माझ्या बहिणीला मारलं कुणी ते सांगा. मारलं कुणीच नव्हतं. का सोडलीस म्हणून तू मला किती वेळा विचारलंस. मी तुला सांगितलं नाही. एवढी एकच गोष्ट मी तुझ्यापासनं लपवली, असं मी समजत होते.

मग तूच माझी शाळा झालीस. कामावरनं येताना मला बोट धरून पाट्या वाचायला लावायचीस. थेटराच्या बोर्डावरची अक्षरं माझ्यापेक्षा उंच असायची, त्यामुळं चुकायची सोय नव्हती. जोडाक्षरं मी ज्ञानू पेंटरच्या अक्षरांवरनं शिकले. आज हे चार शब्द कागदावर उतरतायत ते तुझ्यामुळं, नाहीतर इतक्या लांब येऊन मी मुकीच राहिले असते.

कॅलेंडरं गोळा करायची कल्पना माझी होती, हे तू सगळ्यांना उलटं सांगायचीस. भिंतीवरनं तुला उतरवायची, एवढंच माझ्या मनात होतं. वर्ष सरलं, दुकानांतनं नवी कॅलेंडरं लागली की आपण दोघी जुनी मागत फिरायला लागलो.

"आण्णा, जुनं कॅलेंडर द्या की. पुस्तकाला कव्हर घालतो."

"लक्षुमीचं कव्हर घालतीस व्हय गं? पाय लागला म्हंजे?"

"न्हाई वो, पुजायला. चुकून बोलली ही," तू मला कोपरखळी मारून म्हणायचीस.

घरी आणून आपण खालचा तारखांचा गठ्ठा फाडायचो, वरची पत्र्याची पट्टी काढायचो. माझं काम तिथं संपायचं. तुझं सुरू व्हायचं. तू सगळ्या लक्ष्म्या घोंगड्यावर मांडायचीस आणि एकीला दुसरीशी ताडून बघायचीस. "हिचा लाल रंग सरकलाय बघ. पान खाऊन आल्याली दिसतीया." "ही रात्रभर झोपली न्हाय वाटतं." छापताना रंग जरा इकडंतिकडं बसायचे, त्यामुळं एकीसारखी दुसरी नसायची. तुटकी भुवई मात्र सगळ्यांना होती. मी बोट ठेवून दाखवायची. "एकच ठसा असल्यावर डागबी एकच असणार की," असं तू म्हणायचीस. तू त्यांना जीव लावत होतीस आणि मी त्यांचा काटा काढायला बघत होते. पण काढणार कसा? देवाचा फोटो जाळता येत नाही, फाडता येत नाही, रद्दीत घालता येत नाही. एक उतरवावी तर एक घरात वाढायची.

म्हणून एका दुपारी आपण पंचगंगेवर गेलो. तुला आठवतंय? आठवत असणारच, तू ते मरेपर्यंत सांगत होतीस. मी एक लक्ष्मी पाण्यात सोडली, हात जोडले, आई तू जा म्हणाले. कागद जाड, वरनं चकाकीचा लेप. बुडायला तयारच नाही. गर्रकन फिरली, तोंड वर करून घाटाकडं तरंगत गेली, थेट धुणं धुणाऱ्या बायांच्या पुढ्यात.

"अगं बया! लक्षुमी व्हात आली!"

"उचल, उचल! पाय लागंल!"

बायांनी तिला पदरानं पुसली, पारावर उभी केली, कुणीतरी कनवटीचं कुंकू लावलं. आपण घरी निघालो तोवर तिच्यापुढं दोन फुलं आणि एक नारळ होता. ज्या तोंडाला गावातनं घालवायला आले होते त्याचं मी देऊळ बांधून ठेवलं होतं. आणि तू? तू पायरीवर बसलीस, पोट धरून हसलीस, मग त्याच बायांच्यात जाऊन त्या फोटोला नमस्कार करून आलीस. स्वतःच्याच तोंडाला! एक बाई तुला म्हणाली, "मागणं माग गं पोरी, पावंल." काय मागितलंस ते तू मला कधी सांगितलं नाहीस. आता विचारायला उशीर झाला.

तुला बघायला आले तो दिवस तर मी जन्मात विसरणार नाही. आप्पांनी पाट मांडला तो बरोब्बर कॅलेंडरखाली. घरातलं ते एकच मला उतरवता आलं नव्हतं, आप्पा रोज सकाळी त्याला हात जोडायचे. तू खाली, ती वर. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. मुलाच्या मामानं वर बघितलं, खाली बघितलं, परत वर बघितलं. आणि मांडीवर थाप मारली.

"आवो पावणं, पोरगी म्हंजे लक्षुमीच हाय की!"

ट्रे माझ्या हातातनं सुटला. सगळ्यांच्या धोतरांवर चहा. आप्पा ओरडले, मामा म्हणाला असू द्या, शुभशकुन हाय. दाजीही वर बघत होते, खाली बघत होते, आणि मिशीत हसत होते. त्या हसण्याची मला वर्षानुवर्षं धास्ती होती.

माझं लग्न भिलाईला ठरलं तेव्हा मुलूख सोडायचा म्हणून मी रडत होते, आणि आतनं एक सुटकाही होती. सगळ्या लक्ष्म्या ट्रंकेत भरल्या, कडुनिंबाचा पाला घातला आणि बरोबर नेल्या. तुझं तोंड इतक्या लांब कोण ओळखणार? गाडी सुटताना तू खिडकीशी वाकलीस. "नीट ने त्यांस्नी. पाय लावू नगंस." मग म्हणालीस, "आणि डाग हाय त्यो." गाडी हलली.

ह्या खेपेला तुझ्याकडं येताना मी त्यातली एक वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातली होती. का घातली मला माहीत नाही. दाजींनी दारातच विचारलं, "फोटो गावला का?" मी म्हणाले, "न्हाई." भिंतीवर खिळा मारून ठेवलेला होता. रिकामा. तुझे दिवस होईपर्यंत मी त्या खिळ्याखालनं ये-जा करत होते, आणि दर वेळी मान खाली घालायचे. पिशवीत तू, वर खिळा, आणि मधे माझी भीती.

कार्याच्या आदल्या दिवशी मंगल मला म्हणाली, "मावशी, जरा आत ये." स्वयंपाकघरात नेलं, ज्वारीचं पिंप सरकवलं, आणि मागनं काचेची चौकट काढली. चुलीच्या धुरानं पिवळी पडलेली. लक्ष्मी.

"ही हितं भिंतीला असती. तू यायची असलीस की आई उतरवून पिंपामागं घालायची. ह्या खेपेला मी घातली; तुझ्याकडं तिचा खरा फोटू गावंल असं पपांस्नी वाटलं."

मी खालीच बसले.

"तुला ठाऊक हाय?"

"आमास्नी ल्हानपणापासनं ठाऊक हाय. आईच दाखवायची, ही बघा तुमची आई, निस्ती हुबी हाय, कामाधंद्याची न्हाय. पपांस्नी तर लग्नाआधीपासनं ठाऊक. पेंटरनंच सांगिटलेलं. ही खाली हुबी ऱ्हाऊन त्याच्याशी भांडायची, त्येनं तवाच ध्यानात ठिवली."

"आणि तुझ्या सासरची माणसं?"

"त्यास्नी सुपारी फोडली तवा आईनंच दावला की फोटू! सासू म्हणाली, मग हुंडा कशाला, लक्षुमीची लेकच आणतोय आमी."

"मग मलाच का न्हाई सांगिटलं?"

मंगलनं चौकट माझ्या मांडीवर ठेवली. मग तिनं सांगितलं ते मी तसंच लिहिते, अक्का. तू म्हणायचीस, "सुलीनं त्या कॅलेंडरापायी शाळा सोडली. आता खरं हाय म्हटलं तर तिला वाटंल, आपलं भ्याणं बरोबर हुतं. जलमभर भिऊनच ऱ्हाईल. त्यापरास डाग म्हटलेला बरा."

म्हणजे तुला माहीत होतं. मी कधीच न सांगितलेलं तू शाळेत गुरुजींशी भांडायला गेलीस तेव्हाच बघून आली असशील, त्यांच्या खुर्चीमागं. आणि त्यासाठी तू सगळ्या गावाला मिरवून सांगितलेली गोष्ट माझ्यापुढं मात्र डाग म्हणून पुसत राहिलीस.

तुझं चुकलं, अक्का. परड्यात त्या दिवशी व्हय म्हणाली असतीस तर मी चार दिवस भ्याले असते आणि संपलं असतं. असं मी त्या रात्री तुझ्याशी भांडले. सकाळी वाटलं, कुठलं संपतंय. मी तेव्हा विहिरीत जीव दिला असता. तू मला ओळखून होतीस. भांडण माझ्याच्यानं पुरं होत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आता तरी गप्प बस की."

कार्य झालं. मंगलनं चौकट पुसून खिळ्याला लावली. कुणीतरी चंदनाचा हार आणलेला. शेजारची म्हातारी एकदम पुढं झाली, "आवो, थांबा! देवीला मयताचा हार घालताय व्हय? घरावर काय आणायचं हाय?" सगळे हात थांबले. खरंच होतं की ते. ती देवी होती आणि मेलेलीही होती, आणि दोन्हीला एकच हार कसा चालणार?

दाजी कोपऱ्यात बसलेले, तिथनंच बोलले. "हार नगंच. सवाष्ण गेलीया माझी. हळद-कुंकू लावा. देवीलाबी चालतंय, तिलाबी चालतंय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सुलाबाई, तुम्ही लावा."

मी लावलेलं कुंकू काचेवर ओघळलं आणि तुटक्या भुवईच्या खाचेपाशी जाऊन थांबलं.

परत आल्यावर मी दार लावून ट्रंक उघडली. वाळवी लागली असेल ह्याची भीती होती. लागली नव्हती, कडा तेवढ्या पिवळ्या पडल्यात. तू मांडायचीस तशाच मी सगळ्या जणी चटईवर मांडल्या. पान खाल्लेली आली, रात्रभर न झोपलेली आली. सगळ्या गोऱ्या, सगळ्या गुलाबी. आणि पुन्हा तीच धडकी भरली. आता तू नाहीस, ह्याच आहेत. रोज ह्यांना बघता बघता माझ्या डोक्यातली तूही हळूहळू गुलाबी होशील. पांढऱ्या रंगाखाली गेलेल्या बोर्डासारखी खरी तू खाली राहशील आणि वर ही बसेल.

तरी त्यातली एक मी पुढच्या खोलीत लावली. दारातनं दिसेल अशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खिळा ठोकताना दोनदा बोटावर हातोडी बसली.

संध्याकाळी शेजारीण विरजण मागायला आली. दारातच थांबून तिनं हात जोडले. "कितनी सुंदर लक्ष्मीजी हैं, बहन! कितनी गोरी!"

तोंडावर आलेलं 'हो' मी गिळलं.

"ये मेरी अक्का है," मी म्हणाले.

ती हसली, तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग माझं तोंड बघून हसायची थांबली.

"गोरी नहीं थी," मी म्हणाले. "गुड़ जैसी थी. काले गुड़ जैसी."

आणि तेवढ्यात, अक्का, तू दिसलीस. भाकरी हातात, मान वर केलेली, पेंटरला काहीतरी टोचून बोलायच्या बेतात असलेली, काळी, घामेजलेली, तुटक्या भुवईची. क्षणभरच. शेजारीण विरजण घेऊन गेली आणि तूही गेलीस.

आता दारात येईल त्याला मी हेच सांगते. भिते, तरी सांगते.